बुधवारी रात्री आठ वाजता सिलोन

साल १९५२, डिसेंबरची ३ तारीख, बुधवार. तुम्ही शिरपुरात उभे आहात. जिल्हा अकोला, राज्य मध्य प्रदेश, राजधानी नागपूर. वाशीम जिल्हा व्हायला अजून ४६ वर्षं आहेत. अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या दर्शनाला आलेली मंडळी धर्मशाळेत विसावली आहेत. कापसाची वेचणी चालू आहे, थंडी अंगाला झोंबते. अंधारातून वाट काढत तुम्ही काकाजींच्या ओसरीवर पोचता. गावात ज्या मोजक्या घरी रेडिओ आहे, त्यातलं हे एक.

कंदिलाच्या उजेडात सेट दिसतो. त्याला जडशीळ कोरडी बॅटरी जोडली आहे. ती लवकर संपू नये म्हणून काकाजी ठरल्या वेळेलाच रेडिओ लावतात. छपरावर दोन बांबूंमध्ये तांब्याच्या जाळीची एरियल ताणली आहे. सेटचं लायसन पोस्टातून काढलेलं, तेही कपाटात जपून ठेवलेलं. काकाजी काटा हळूहळू सरकवतात. खरखर, शिट्टी, भलत्याच भाषेतल्या बातम्या, पुन्हा खरखर.

"आवाज येऊन राह्यला का?"

"येऊन राह्यला काकाजी, पन लय दुरून. जराक मांगं घ्या न."

काटा मागे येतो आणि ओसरीवर एक तरुण, हसरा आवाज उमटतो. बोलणारा अमीन सयानी अवघा १९ वर्षांचा आहे. रेडिओ सिलोनवर आज पहिल्यांदाच 'बिनाका गीतमाला' लागते आहे. अर्ध्या तासात सात गाणी. ती कोणत्या क्रमानं प्रसिद्ध झाली ते ओळखून कळवायचं, १०० रुपयांचं बक्षीस आहे. या पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रं येतील आणि पुढे आठवड्याला साठ हजारांवर जातील. तुमच्या शेजारचा पोरगा आत्ताच पोस्टकार्ड शोधायला उठला आहे.

आवाज मधेच बुडतो, पुन्हा वर येतो. कोलंबो इथून सुमारे दीड हजार किलोमीटर दूर. तिथून निघालेल्या शॉर्टवेव्ह लहरी वातावरणाच्या फार वरच्या, विद्युतभारित थरावर आपटून खाली परततात, म्हणून समुद्रापलीकडचं स्टेशन वऱ्हाडातल्या ओसरीवर उतरतं. तो थर रात्रभर सारखा हलत-बदलत असतो, त्यामुळे गाणंही लाटेसारखं येतं-जातं. मला याहून मोठं आश्चर्य वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. हा आवाज मुळात मुंबईत, शिरपूरपासून पाचशे किलोमीटरांच्या आत ध्वनिमुद्रित झाला, टेप विमानानं कोलंबोला गेली आणि आभाळातून उलटी तुमच्यापर्यंत आली.

एवढा वळसा का, हे समजायला थोडं मागे जाऊ. दुसऱ्या महायुद्धात दोस्तांच्या फौजांसाठी सिलोनमध्ये 'रेडिओ सीक' नावाचं जबरदस्त ताकदीचं केंद्र उभं राहिलं. घरापासून तुटलेल्या सैनिकांना तिथून इंग्रजी गाणी, बातम्या ऐकवल्या जात. युद्ध संपल्यावर ते सिलोन सरकारच्या हाती आलं आणि त्याच ताकदीवर रेडिओ सिलोनची व्यापारी सेवा सुरू झाली. इंग्रजी गाण्यांची 'बिनाका हिट परेड' तिथं आधीच गाजत होती. गीतमाला तिचीच हिंदी धाकटी बहीण.

दिल्लीत १९५२ सालीच माहिती आणि नभोवाणी खातं बाळकृष्ण विश्वनाथ केसकरांकडे आलं. पुण्यात जन्मलेला हा मराठी माणूस अभिजात संगीतावर मनापासून प्रेम करणारा. त्यांच्या काळात आकाशवाणीनं संगीताचे अखिल भारतीय कार्यक्रम, संगीत संमेलनं सुरू केली. ते ऋण मोठं आहे. पण त्याच धोरणानं चित्रपटगीतांना आकाशवाणीवरून जवळपास हद्दपार केलं. दिवसभर कापूस वेचून आलेल्या माणसाला स्वतःच्या देशाच्या रेडिओवर आवडतं गाणं मिळू नये, हे मला आजही पटत नाही. तो सिलोनकडे वळला. केसकर मंत्रिपदावर असतानाच, ३ ऑक्टोबर १९५७ ला आकाशवाणीला विविध भारती सुरू करावी लागली.

१९८९ मध्ये गीतमालाच विविध भारतीवर आली. आवाज स्वच्छ, खरखर नाही. पण तिथं रेंगाळू नका. माझ्या मते सिलोनचा खरा ठेवा सकाळचा होता, त्यासाठी १९७२ च्या ऑगस्टमध्ये चला.

पाऊस नाही. ज्वारी वाळते आहे, विहिरी खोल गेल्या आहेत. देश श्रीलंका झाला, स्टेशनचं नाव बदललं, गाव अजून सिलोनच म्हणतं. आता बॅटरीचं ओझं नाही. हॉटेलच्या फळीवर चामड्याच्या कव्हरातला ट्रान्झिस्टर आहे. साडेसात वाजतात, 'पुरानी फिल्मों का संगीत' सुरू होतं. नव्या गाण्यांच्या गर्दीत मागे पडलेले आवाज एकेक करून येतात. आठ वाजायच्या आधी शेवटचं गाणं कुंदनलाल सैगलचं, हा नेम ठरलेला. सैगल जाऊन २५ वर्षं झाली, तरी रोज सकाळी तो इथं गातोच. ज्यांनी त्याला तरुणपणी ऐकलं ते चहाचा कप हातात धरून थांबतात. ज्यांनी कधीच ऐकलं नव्हतं ती पोरं चाल गुणगुणत शाळेला जातात. जुनी गाणी जपायची तर ती रोज वाजवली पाहिजेत, एवढं साधं तत्त्व या स्टेशननं पाळलं.

आठ वाजता 'आप ही के गीत'. निवेदक फर्माइश करणाऱ्यांची नावं वाचतो, गावामागून गावं. हॉटेलातले सगळे कान टवकारतात. आज शिरपूर नाही.

"आपलं पत्र पोचलंच नसंल."

"मंग दुसरं लिवा न!"

कागद येतो, पेन येतं, परदेशी टपालाच्या तिकिटासाठी वर्गणी निघते. नावांवरून भांडण जुंपतं. यादी कागदाच्या दुसऱ्या बाजूला गेली आहे. दारातून एक पोरगी ओरडते, "माह्या आजीचं नाव पयलं लिवा, गानं तिनंच सांगतलं." पेन हातात घेतलेला माणूस वरचं नाव खोडतो आणि आजीचं पूर्ण नाव विचारतो.