भिडे वाडा : स्मारकासाठी पाडलेली वास्तू आणि नगरसंस्थेचा निर्णय

प्रास्ताविक

पुण्याच्या बुधवार पेठेतील भिडे वाडा ४ डिसेंबर २०२३ च्या रात्री पुणे महानगरपालिकेने पोलीस बंदोबस्तात पाडला. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींसाठी सुरू केलेल्या पहिल्या शाळेचे स्मारक त्या जागी उभारावयाचे असल्याने ही कृती करण्यात आली. ऐतिहासिक वास्तू पाडण्याची उदाहरणे आपल्याकडे विपुल आहेत. परंतु ती बहुधा रस्तारुंदीसाठी, व्यापारी संकुलासाठी किंवा इमारत धोकादायक ठरल्यामुळे घडलेली असतात. ज्या घटनेमुळे वास्तूला महत्त्व आले तिच्याच स्मरणार्थ वास्तू पाडली जाणे हे उदाहरण वेगळे आहे. स्थानिक स्वराज्य संस्था असा निर्णय कशी घेते आणि त्यात इतिहासाच्या अभ्यासकाचे स्थान कोणते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१८४८ ची शाळा

जोतीराव आपले मित्र सदाशिव गोवंडे यांच्यासमवेत अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे गेले असता त्यांनी अमेरिकन मिशनच्या मिस फॅरार यांची मुलींची शाळा पाहिली. या भेटीनंतर १८४८ मध्ये पुण्यात तात्यासाहेब भिडे यांच्या वाड्यात शाळा सुरू झाली. सार्वजनिक स्मरणात १ जानेवारी हा दिवस रुजला आहे. परंतु शाळा नेमकी कोणत्या महिन्यात सुरू झाली याबाबत चरित्रकारांत एकवाक्यता नाही. ‘भारतातील पहिली मुलींची शाळा’ हे विधानही काटेकोरपणे मांडावे लागते. मुंबईत अमेरिकन मिशनऱ्यांनी मुलींची शाळा १८२४ मध्येच काढली होती आणि बंगालमधील बारासात येथे स्थानिक सुधारकांनी १८४७ मध्ये तसा प्रयत्न केला होता. भिडे वाड्यातील शाळेचे मोल त्यामुळे उणावत नाही. शूद्र मानल्या गेलेल्या जातीतील एका दांपत्याने, पेशवाईच्या राजधानीत, ब्राह्मणवस्तीच्या मध्यभागी ती चालविली आणि त्यासाठी १८४९ मध्ये त्यांना वडिलांचे घर सोडावे लागले, हे तिचे खरे वैशिष्ट्य होय. ‘पहिली’ या एका शब्दावर सारा भार टाकल्याने हे वैशिष्ट्यच झाकोळले जाते, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

या वाड्यातील शाळा फार काळ चालली नाही. ३ जुलै १८५१ रोजी मुलींची शाळा पुन्हा सुरू झाली ती बुधवार पेठेतच, अण्णासाहेब चिपळूणकरांच्या वाड्यात. त्यानंतर सप्टेंबर १८५१ मध्ये रास्ता पेठेत आणि मार्च १८५२ मध्ये वेताळ पेठेत आणखी शाळा निघाल्या. म्हणजे भिडे वाडा हे या कार्याचे आरंभस्थान होते, स्थायी स्थान नव्हते. शाळेचे काही महिने वगळता ही वास्तू राहते घर म्हणून आणि पुढे दुकानांची जागा म्हणूनच वापरात राहिली.

वाडा मोडकळीस येण्याची कारणे

पुण्यातील खाजगी वाड्यांचा ऱ्हास हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. १९६१ च्या पानशेत पुराने नदीकाठच्या पेठांतील अनेक वाडे एका दिवसात जमीनदोस्त केले. ज्यांना पुराचा धक्का बसला नाही ते कायद्याने हळूहळू खचविले. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने प्रमाण भाडे १९४० च्या पातळीशी बांधले गेले. भाडेकरूला संरक्षण मिळाले, ते आवश्यकही होते. परंतु मिळणाऱ्या भाड्यात कौले बदलणेही मालकास परवडेना. मालक दुरुस्ती करीत नाही, भाडेकरू जागा सोडत नाही आणि वारसांची संख्या पिढीगणिक वाढते, अशा अवस्थेत लाकडी तुळयांचा आणि मातीच्या भिंतींचा वाडा किती काळ तग धरणार? १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने काही सुधारणा केल्या, तोवर बराच उशीर झाला होता. भिडे वाड्याची वरची बाजू ओसाड आणि खालची दुकाने चालू, ही स्थिती मध्य पुण्यात अपवादात्मक नव्हती.

या संदर्भात विश्रामबाग वाड्याशी तुलना उद्बोधक ठरते. दुसऱ्या बाजीरावाचा हा वाडा १८७९ च्या आगीत होरपळला, तरी तो टिकला. सरकारच्या ताब्यात असल्याने त्याचा सतत काहीतरी उपयोग होत राहिला. काही काळ नगरपालिकेची कचेरीही तेथे होती. याच वाड्यात १६ नोव्हेंबर १८५२ रोजी मेजर कँडी यांच्या हस्ते जोतीरावांचा सत्कार झाला. ज्या कार्यासाठी सत्कार झाला त्याचे आरंभस्थान कोसळत गेले आणि सत्काराचे स्थान जपले गेले. यामागे कोणाचा कट शोधण्याचे कारण नाही. आपल्याकडे वास्तू टिकते ती तिच्या महत्त्वामुळे नव्हे, तर तिच्या मालकीमुळे. आणि सत्तेच्या मालकीची वास्तू टिकते म्हणून सत्तेचाच इतिहास दृश्य राहतो. फुले-आंबेडकरी चळवळीतील कार्यकर्त्यांना दगडी पेशवेकालीन अवशेषांची निगा आणि भिडे वाड्याची अवकळा एकाच शहरात पाहावी लागली, त्या वेदनेचा उगम येथे आहे.

ठराव, खटला आणि ताबा

महानगरपालिकेने भिडे वाड्यात स्मारक करण्याचा ठराव २००६ मध्ये केला. भूसंपादनाच्या प्रयत्नांना भाडेकरू व मालक यांनी आव्हान दिले आणि प्रकरण दीर्घकाळ न्यायालयात राहिले. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये महानगरपालिकेच्या बाजूने निर्णय दिला. ३ नोव्हेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने भाडेकरूंचे अपील फेटाळून जागा सोडण्यासाठी एक महिन्याची मुदत दिली. मुदत संपताच ताबा आणि पाडकाम एकाच रात्री झाले.

येथे एक बाब नजरेआड होऊ नये. ठराव लोकनियुक्त सभागृहाचा होता. परंतु त्या सभागृहाच्या वारसाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पाडकामाच्या वेळी महानगरपालिकेचा कारभार प्रशासकाच्या हाती होता. स्मारक करावे काय, जागा ताब्यात घ्यावी काय आणि उभी वास्तू पाडावी काय, हे तीन स्वतंत्र प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर सभागृहाने दिले, दुसऱ्याचे न्यायालयाने. तिसरा प्रश्न पहिल्या दोहोंच्या पोटात गृहीत धरला गेला. ज्या घटकेला तो उपस्थित व्हावयास हवा होता त्या घटकेला त्यावर बोलणारा नगरसेवक सभागृहात नव्हता.

कायदाही या बाबतीत फारसा साहाय्यक नाही. महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम २६४ अन्वये पडावयास आलेली इमारत उतरविण्याचा अधिकार आयुक्तांस आहे. इमारतीचा इतिहास हा त्या कलमाचा विषय नव्हे. ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत सांस्कृतिक, शैक्षणिक व सौंदर्यविषयक अंगांचे संवर्धन हे नगरसंस्थेचे कार्य म्हणून नमूद आहे, पण ऐतिहासिक वास्तूंचा नावानिशी उल्लेख नाही. मुंबईत १९९५ मध्ये वारसा नियमावली आली. इतरत्र तिचे अनुकरण मंदगतीने झाले.

वास्तू की जागा?

पाडकामाच्या समर्थनार्थ सबळ युक्तिवाद करता येतो. वाडे वारंवार दुरुस्त होतात, खांब बदलतात, भिंती नव्याने उभ्या राहतात. तेव्हा २०२३ मधील भिंत १८४८ मधील होती असे कोणी छातीठोकपणे म्हणू नये. महत्त्व जागेला आहे, लाकडाला नाही. शिवाय ‘वारसा’ या शब्दाच्या आडून आणखी दशकभर दिरंगाई होईल ही भीती निराधार नव्हती. दुकानदारांचा उपजीविकेचा प्रश्न खरा होता, परंतु तो मोबदल्याने सुटणारा होता.

हा युक्तिवाद मान्य करूनही एक अडचण शिल्लक राहते. कोणता भाग जुना आणि कोणता नवा हे ठरविण्याचे साधन ती वास्तूच होती. जोत्याचे दगड, तुळयांवरील खाचा, विटांचे आकार, गिलाव्याचे थर यांवरून बांधकामाचे टप्पे ओळखता येतात. खोल्यांची मोजमापे मिळाली तर त्या शाळेत किती मुली कशा बसत असतील याचाही अंदाज बांधता येतो. सावित्रीबाईंच्या वर्गखोलीविषयी लिखित साधने अत्यल्प असताना हा पुरावा क्षुल्लक म्हणता येणार नाही. वास्तू उतरविणे आणि पाडणे यांत फरक आहे. क्रमांक घालून, मोजून, छायाचित्रे घेऊन उतरविण्यास काही आठवडे लागतात. सतरा वर्षे थांबलेल्या स्मारकास तेवढा विलंब सोसला असता.

जोतीराव स्वतः १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते. १८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्चण्याच्या प्रस्तावास त्यांनी एकट्याने विरोध केला आणि तो पैसा गरिबांच्या शिक्षणाकडे वळवावा असे सुचविले. मंडईच्या भव्य इमारतीवरील खर्चासही त्यांचा विरोध होता. ती इमारत १८८६ मध्ये रे मार्केट म्हणून उभी राहिली आणि पुढे आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने तिला महात्मा फुले यांचेच नाव मिळाले! बांधकामाच्या व्यवसायात असलेल्या या सभासदास दगड-चुन्याची किंमत ठाऊक होती. नव्या स्मारकात मुलींच्या शिक्षणाचे प्रत्यक्ष काम किती होणार, हा प्रश्न त्यांनी सभागृहात प्रथम विचारला असता असे मानण्यास या नोंदी आधार देतात.

स्मारकाच्या भूमिपूजनाचा समारंभ २९ सप्टेंबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते दूरदृश्य प्रणालीद्वारे झाला. इमारत कशी असावी हे वास्तुविशारद ठरवतील. इतिहास विभागांपुढील काम निराळे आहे. नगर भूमापन कार्यालयातील मिळकत पत्रिका, महानगरपालिकेच्या कर आकारणीच्या नोंदवह्या, न्यायालयीन कागदपत्रांना जोडलेले नकाशे, दुकानदारांजवळील भाडेपावत्या आणि परिसरातील कुटुंबांच्या संग्रहातील जुनी छायाचित्रे ही साधने विखुरलेली असली तरी नष्ट झालेली नाहीत. वाड्याच्या अंतर्भागात वावरलेले दुकानदार आता पांगले आहेत आणि त्यांतील अनेक वयोवृद्ध आहेत. त्यांच्या मुलाखतींचे काम पुण्यातील महाविद्यालयांनी पदव्युत्तर विद्यार्थ्यांकडून येत्या शैक्षणिक वर्षातच करवून घ्यावयास हवे.