घरटी एक माणूस

1968 चा जानेवारी. चिपळूण तालुक्यातलं, सह्याद्रीच्या पायथ्याचं गाव. तुम्ही चौदा वर्षांचे आहात आणि खळ्यात पेंढ्यावर घोंगडी ओढून झोपला आहात. महिनाभर सगळा गाव असाच उघड्यावर झोपतो. 11 डिसेंबरच्या पहाटे डोंगरापलीकडे कोयनेला भूकंप झाला, तेव्हा तुमच्या घराच्या मागल्या भिंतीला हात जाईल एवढी फट पडली. जमीन अजूनही अधूनमधून हलते.

"ऊठ," काका म्हणतो. "आज तुला यायचंय."

उठा. पायांत चपला शोधू नका, नाहीत. दवानं भिजलेली वाट टाचांना झोंबते. आई चुलीपाशी आहे. ती काही बोलत नाही, फक्त नाचणीची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी फडक्यात बांधून हातात देते.

आज पारध आहे. पऱ्याकाठचा पावटा डुकरांनी तीन रात्री नांगरून काढलाय. राखणीला माळ्यावर बसायला माणसं नाहीत, कारण गावातले निम्मे बापये मुंबईला. तुमचे वडीलही परळच्या गिरणीत साच्यावर. भूकंपाचं कळल्यावर धावत आले, चार दिवस राहिले आणि खाडे वाढतात म्हणून परत गेले. आजवर पारधीचं मटण तुमच्या घरी यायचं ते काकाच्या वाट्यातून. गावाचा नेम घरटी एक माणूस असा आहे, आणि तुमच्या घरातून जायला कुणी नव्हतं.

देवळासमोर तीसेक माणसं जमली आहेत. गुरव गाऱ्हाणं घालतो: पोरंबाळं सांभाळ, रानात गेलेला माणूस धडपणी घरी आण. प्रत्येक मागण्यावर सगळे 'व्हय महाराजा' म्हणतात. तुम्हीही म्हणता. आवाज मध्येच चिरकतो आणि दोघं-तिघं वळून हसतात. नुकता फुटायला लागलाय तो. आज दिवसभर त्याचंच काम आहे.

बंदुका दोनच, पीकराखणीच्या परवान्यावरच्या, ठासणीच्या. म्हातारा नेमबाज बंदूक भरतो ते जवळून बघून घ्या. आधी मापानं दारू, वर काथ्याचा बोळा, गजानं ठासून मग शिशाची गोळी, पुन्हा बोळा. घोड्याखाली टोपी बसवायची ती अगदी शेवटी, जागेवर पोचल्यावर. एक बार उडाला की पुन्हा भरेपर्यंत बंदुकीचा उपयोग काठीएवढाच. त्यामुळे सावज बंदुकीसमोर आणून देणं हे हाकाऱ्यांचं काम, आणि तुम्ही हाकारी आहात. तुमच्या हाती रॉकेलचा रिकामा डबा आणि एक दांडका.

नेमबाज घळीच्या तोंडाशी, वाऱ्याच्या खालच्या अंगाला बसतात. डुकराची नजर बेताची, पण नाक फार तिखट. हाकारी वरून रेघ धरून उतरणार. तुमच्या डाव्या हाताला काका, उजव्या हाताला गावचा लोहार. मध्ये पंचवीसेक पावलं आणि माणूस दिसणार नाही अशी गच्च कारवी. शेजारी आहे हे फक्त त्याच्या हाकेवरून कळायचं.

"रेघ सोडायची नाय," काका सांगतो. "डुकराला भोक बरोबर सापडतं."

"अंगावर आला तर?"

"झाडाआड हो. पण वरडायचं थांबू नको."

पुढच्या काळातून आलात म्हणून तुम्हाला ठाऊक आहे: 1972 मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा येईल, आणि 1991 च्या दुरुस्तीनंतर परवाना काढून हौसेनं शिकार करण्याची वाटही बंद होईल. आज या माणसांच्या डोक्यात पावटा आहे. आणि खोटं कशाला बोला, मटणही आहे.

हाका सुरू होतो. हो-हो-हो, डब्यांचा खणखणाट, गावठी कुत्र्यांचं भुंकणं. कारवी गालांवर ओरखडे काढते. अर्धी घळ उतरेपर्यंत भीती कुठे गेली हेही कळत नाही. मग कुत्र्यांचा सूर बदलतो आणि समोरची कारवी वरच्या दिशेनं मोडत येते.

नर आहे, एकटा. वारा फिरून खाली माणसाचा वास लागला म्हणून उलटा फिरलाय. मानेवरचे केस ताठ, सुळे मातीनं माखलेले. दहा पावलांवर येऊन तो थांबतो. तुम्ही ऐनाच्या खोडाआड आहात आणि घशातून आवाज निघत नाही. डावीकडे काका ओरडतोय, उजवीकडे लोहार. दोघांच्या मध्ये एवढीच जागा गप्प आहे, आणि ती तुमची आहे.

दांडका डब्यावर पडतो. पुन्हा पडतो. मग आवाज फुटतो, अर्धा पोराचा, अर्धा बाप्याचा, कसलाही ताल नसलेला. डुक्कर नाक उडवतं, फिरतं आणि मुसंडी मारून घळीत उतरतं.

बार होतो. खाली धुराचा पांढरा लोळ उठतो. थोड्या वेळानं दुसरा बार. कुणी पळत सुटत नाही. जखमी डुक्कर धडधाकट डुकराहून वाईट, म्हणून म्हाताऱ्याची शीळ येईपर्यंत सगळे जागच्या जागी. तुमचे गुडघे लटलटतात ते आत्ता.

दुपारी देवळामागे पळसाच्या पानांवर वाटे पडतात, सगळे सारखे. नेमबाजाला वर मानाचं मुंडकं. रेघेत नसलेल्या एका विधवेच्या घरचाही एक वाटा, त्यावर कुणी चर्चा करत नाही. गावकार घरं पुकारतो. तुमच्या घराच्या पाळीला तो वडिलांचं नाव घेत नाही, तुमचं घेतो. पुढे होऊन वाटा उचला. घरी आई तो हातात तोलून बघेल आणि आधी शेजारी देण्यापुरतं बाजूला काढेल.

जाता जाता गावकार तुम्हाला थांबवतो. "खालच्या वाडीतली पडलेली भिंत उद्या उभी करायचीय. घरटी एक माणूस."

सवयीनं तुम्ही काकाकडे बघता. काका कुत्र्यांना आतडी टाकण्यात गुंतलाय, किंवा तसं दाखवतोय.

"येतो," तुम्ही म्हणता, आणि पहार घरची आणायची की गावची, तेही विचारून घेता.