खोडदची राखण

आज मी तुमच्याशी रेडिओवरून बोलतो आहे, आणि बोलणार आहे तेही एका रेडिओविषयीच. फक्त हा रेडिओ घरातल्या फळीवर मावणारा नाही. तो पुणे जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यातल्या खोडद गावाभोवती सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेला आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना त्यात आहेत. जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, थोडक्यात जीएमआरटी, हे त्याचं नाव. नारायणगावकडच्या द्राक्षबागा आणि टोमॅटोच्या शेतांमधून जाताना या प्रचंड जाळीदार तबकड्या तुमच्यापैकी अनेकांनी पाहिल्या असतील.

मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. अवघड गणितं मला विचारू नका. पण यंत्र सांभाळतं कोण, हा प्रश्न मला लहानपणापासून पडत आला आहे. त्याचं कारण सांगतो. रमजानच्या एकोणतिसाव्या संध्याकाळी चंद्र पाहायला आमची सगळी आळी एका घराच्या माळवदावर चढत असे. वर जायला लाकडी शिडी होती. एक चाचा खाली उभे राहून ती धरत. त्यांची नजर अधू होती. चंद्रकोर त्यांना दिसणार नव्हतीच. वरून कोणीतरी ओरडायचं, ‘दिसला, दिसला!’ आणि मुबारकबादी सुरू व्हायची. शेवटचं पोर खाली उतरेपर्यंत चाचांचे हात शिडीवरच असत. वर्षभरात शिडीची पायरी मोडली, तर ती नव्यानं ठोकायचेही तेच. चंद्र सगळ्यांचा होता, शिडी मात्र त्यांच्या माथी होती.

दुर्बिणींचा इतिहास वाचताना मला ही शिडी आठवते. पुण्यात एकोणिसाव्या शतकात एक मोठी वेधशाळा होती, हे आज फार थोड्यांना ठाऊक आहे. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी १८८२ साली देणगी दिली, सरकारनं तिच्यात भर घातली, आणि प्राध्यापक कावसजी दादाभाई नेगमवाला यांनी १८८८ मध्ये पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी केली. तिथली ग्रब कंपनीची वीस इंची परावर्तक दुर्बीण त्या काळी देशातली सर्वांत मोठी होती. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाला नेगमवालांनी सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला तळ ठोकून वेध घेतले. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले आणि वेधशाळाही बंद झाली. यंत्रं कोडाईकनालला रवाना झाली. पैसा होता, उत्तम यंत्र होतं, जाणकार माणूस होता. त्या माणसाच्या मागे यंत्र चालतं ठेवणारी व्यवस्था मात्र नव्हती.

आता रेडिओच्या गोष्टीकडे येतो. आमच्या अब्बांकडे एक जुना व्हॉल्व्हचा रेडिओ होता. शॉर्टवेव्हवर एका स्टेशनवरून दुसऱ्यावर काटा सरकवताना मध्ये नुसती खरखर ऐकू यायची. त्या खरखरीत विजांचा, मोटारींचा, तारांचा वाटा असतो. पण १९३२ च्या सुमारास अमेरिकेत बेल प्रयोगशाळेतले एक अभियंते, कार्ल जान्स्की, रेडिओ-टेलिफोनमधल्या अशाच खरखरीचं मूळ शोधत होते. तिचा एक भाग रोज तारांगणाबरोबर सरकतो, हे त्यांच्या लक्षात आलं. तो येत होता आपल्या आकाशगंगेकडून. रेडिओ खगोलशास्त्राचा जन्म असा यंत्रातला बिघाड शोधता शोधता झाला.

हे शास्त्र भारतात रुजवलं ते डॉ. गोविंद स्वरूप यांनी. १९५३ मध्ये ते शिकायला ऑस्ट्रेलियात गेले. सिडनीजवळ पॉट्स हिल इथं सहा-सहा फुटांच्या ३२ तबकड्या होत्या आणि त्या आता मोडीत निघणार होत्या. स्वरूपांनी त्या भारतासाठी मागून घेतल्या. तबकड्या दिल्लीला आल्या, पण काही वर्षं तशाच पडून राहिल्या. डॉ. होमी भाभांच्या बोलावण्यावरून स्वरूप १९६३ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि १९६५ साली याच जुन्या तबकड्या त्यांनी कल्याणला उभ्या करून सूर्याचा अभ्यास सुरू केला. दुसऱ्यांनी टाकून दिलेल्या वस्तूची डागडुजी करून आपल्याकडचं एक शास्त्र सुरू झालं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पुढे १९७० मध्ये उटीला ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद अशी दुर्बीण तयार झाली. ती डोंगराच्या अशा उतारावर बसवली की उताराचा कोन त्या जागेच्या अक्षांशाइतका, म्हणजे सुमारे ११ अंश भरला. त्यामुळे दुर्बिणीचा आस पृथ्वीच्या आसाला समांतर राहिला, आणि एकाच दिशेनं फिरवून तिला ताऱ्याचा माग ठेवता आला. पैसा बेताचा होता, म्हणून डोंगरालाच कामाला लावलं.

खोडदची दुर्बीण याच विचारातून आली. आराखडा १९८० च्या दशकातला, उभारणी १९९० च्या दशकातली. ४५ मीटर व्यासाची भरीव तबकडी करायची तर पोलादाचा खर्च परवडणार नाही आणि वारा ती उलथवून टाकील. मग नळ्यांच्या १६ कमानींवर स्टीलच्या तारा ताणल्या आणि त्यांच्यावर बारीक तारेची जाळी बसवली. ज्या रेडिओ लहरी ऐकायच्या, त्यांची लांबी साधारण वीस सेंटिमीटरपासून दोन मीटरपर्यंत. इतक्या लांब लहरीला एक-दोन सेंटिमीटरचं भोक म्हणजे भोकच नव्हे. तिच्या लेखी ती जाळी म्हणजे अखंड आरसा. वारा मात्र त्यातून निघून जातो. ३० पैकी १४ अँटेना मध्यभागी साधारण एक चौरस किलोमीटरमध्ये आहेत आणि उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या तीन भुजांवर गावागावांतून उभ्या आहेत.

४ ऑक्टोबर २००१ रोजी ही दुर्बीण जगाच्या विज्ञानजगताला अर्पण झाली आणि २००२ पासून ती सर्वांसाठी खुली आहे. सर्वांसाठी याचा अर्थ नीट पाहू. वर्षाचे दोन हंगाम असतात, एक एप्रिल ते सप्टेंबर आणि दुसरा ऑक्टोबर ते मार्च. जगातल्या कुठल्याही शास्त्रज्ञानं अर्ज करावा, आकाशात काय पाहायचं आणि कशासाठी, ते सांगावं. एक समिती अर्ज तपासते आणि तास वाटून देते. मागणी नेहमीच उपलब्ध वेळेहून जास्त असते. आजवर ३० हून अधिक देशांतल्या शास्त्रज्ञांनी ती वापरली आहे. शेतीच्या भाषेत सांगायचं तर ही पाण्याची पाळी आहे. कालवा एक, शेतं अनेक.

पाळी लागली की पुढचं काम खोडदच्या नियंत्रण कक्षातल्या माणसांचं. रेडिओ दुर्बिणीला रात्रच लागते असं नाही. दिवसा, ढगांतही ती ऐकू शकते. म्हणून इथं पाळ्यांमध्ये अहोरात्र काम चालतं. सुरुवातीला सगळ्या अँटेना आकाशातल्या एखाद्या ओळखीच्या, ठळक रेडिओस्रोताकडे वळवतात आणि त्याच्यावरून त्यांचा मेळ घालतात. गवई बैठकीआधी तंबोरा लावून घेतो, तसंच हे. इथं तंबोरे तीस, आणि एकमेकांपासून कित्येक किलोमीटर लांब. प्रत्येकातला आवाज प्रकाशतंतूंच्या तारेतून मध्यवर्ती इमारतीत येतो आणि तिथं दोन-दोन अँटेनांच्या जोड्या लावल्या जातात. तीस अँटेनांच्या ४३५ जोड्या होतात. एक अँटेना बंद पडली तर त्यातल्या २९ जोड्या जातात. चित्र थांबत नाही, पण तेवढं पुसट होतं.

म्हणून ती एक अँटेना लवकर उभी करावी लागते. तबकडी वळवणाऱ्या मोटारी जोडीनं बसवलेल्या असतात. एक दुसरीच्या किंचित विरुद्ध ओढत असते, म्हणजे दात्यांमध्ये ढिलाई राहत नाही. त्या दात्यांना वंगण लागतं, पोलादाला गंज चढू नये म्हणून रंग लागतो. तबकडीच्या केंद्राशी, उंचावर, वेगवेगळ्या लहरी टिपणारे ग्राहक एका फिरत्या चौकटीवर असतात. तिथं बिघाड झाला तर उंच शिडीगाडी लावून माणसाला वर जावं लागतं. वारा ताशी ४० किलोमीटरच्या पुढे गेला की चालू निरीक्षण सोडून तबकड्या सरळ आभाळाकडे तोंड करून उभ्या कराव्या लागतात. ज्या शास्त्रज्ञाचे तास होते, तो कदाचित हजारो मैल दूर असतो. त्याच्या शोधनिबंधावर त्याचं नाव येतं. शेवटी आभाराच्या ओळीत जीएमआरटीच्या कर्मचाऱ्यांचा उल्लेख असतो. ती ओळ वाचायची सवय आपण लावून घ्यायला हवी.

अशा राखणीतून काय साधतं, याचं एक उदाहरण देतो. १९ ऑक्टोबर २०१६ ला युरोपचं श्यापारेल्ली हे यान मंगळावर उतरत होतं. त्याचा क्षीण संदेश खोडदच्या अँटेना ऐकत होत्या. यान वातावरणात शिरलं, संदेश येत राहिला आणि उतरण्याच्या बेतात असताना तुटला. यान आदळून नष्ट झालं होतं. एका दूरच्या ग्रहावरचा तो अखेरचा प्रवास आपल्या जुन्नर तालुक्यात ऐकला गेला. पुढे काही वर्षांच्या कामानंतर या दुर्बिणीचे ग्राहक आणि इलेक्ट्रॉनिक्स बदलून झाले. पूर्वी एका वेळी ३२ मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा ऐकू यायचा, आता ४०० मेगाहर्ट्झपर्यंतचा येतो. जून २०२३ मध्ये अतिमंद गुरुत्वीय लहरींचे जे पुरावे जगापुढे आले, त्यात खोडदला घेतलेल्या स्पंदक ताऱ्यांच्या नोंदींचाही वाटा होता. पोलादी सांगाडा १९९० च्या दशकातलाच आहे. तो टिकवला गेला, म्हणून नवे कान त्याच्यावर बसवता आले.

आता एक अवघड गोष्ट बोलायला हवी. या दुर्बिणीला शांतता लागते. विजेच्या तारेतली ठिणगी, मोबाइलचा मनोरा, असलं काहीही तिच्या कानाशी ओरडल्यासारखं असतं. खोडदची जागा निवडण्याचं एक कारणच हे, की भोवतालचे डोंगर बाहेरचा गोंगाट अडवतात. पण शांततेची किंमत शेजारी मोजतात. पुणे-नाशिक रेल्वेचा नारायणगावकडून जाणारा मार्ग या दुर्बिणीच्या कारणानं अडला आणि २०२४-२५ मध्ये रेल्वे खात्यानं मार्ग बदलण्याची भूमिका घेतली. तेव्हा त्या भागातली माणसं नाराज झाली. त्यांना अडाणी म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण ते न्यायाचं नाही. तरकारी बाजारात न्यायची आहे, पोरांना शिकायला शहरात जायचं आहे. आणि शास्त्रज्ञ हटवादी आहेत, असंही नाही. गोंगाटात बुडालेला संदेश नंतर कितीही पैसा ओतला तरी परत मिळत नाही.

माझं म्हणणं इतकंच, की राखण करणाऱ्यांच्या यादीत या गावांची नावंही धरली पाहिजेत. जगानं वापरायची वस्तू त्यांच्या शेजारी आहे, आणि गप्प राहून ते तिची राखण करत आले आहेत. तिचा लाभ त्यांच्या पदरात काय पडतो, हा प्रश्न त्यांनी विचारला तर तो रास्त आहे. दरवर्षी राष्ट्रीय विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीच्या सुमारास, खोडदला मोठं विज्ञान प्रदर्शन भरतं. शाळांची मुलं आपापले प्रयोग घेऊन येतात, गावकरी दुर्बीण पाहायला येतात. ही सुरुवात चांगली आहे. शेजारधर्म एवढ्यावर संपत नाही.

डॉ. गोविंद स्वरूप ७ सप्टेंबर २०२० रोजी पुण्यात वारले. त्यांच्या मागे दुर्बीण बंद पडली नाही, हा मला त्यांचा मोठा विजय वाटतो. १९१२ मध्ये जे पुण्याला जमलं नव्हतं, ते आता जमलं आहे.

पुणे-नाशिक रस्त्यानं कधी गेलात, तर वाट थोडी वाकडी करून खोडदला जा. सगळ्या तबकड्या सरळ वर तोंड करून थांबलेल्या दिसल्या, तर समजा की वारा वाढला आहे किंवा देखभालीचं काम चाललं आहे. आणि जवळ जाताना हातातला मोबाइल तेवढा बंद करा.