नांवांतच ठावठिकाणा

काष्ठौषधींच्या जुन्या दुकानांत भिंतभर लांकडी खण असतात. गिऱ्हाइकानें हिरडा मागितला म्हणजे दुकानदार एकेक खण उघडून पाहत बसत नाहीं. त्याचा हात नेमका हिरड्याच्याच खणाकडे जातो. हा हात अनेक वर्षांच्या संवयीवर चालतो. परंतु जें गणकयंत्र कालच जन्मास आलें आणि ज्याच्यापुढें लक्षावधि नांवें पडलीं आहेत, त्यानें कोणता खण उघडावा? या प्रश्नाच्या उत्तराचा इतिहास मोठा मनोरंजक असल्यानें तो वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

याचें जुनें उत्तर म्हणजे अनुक्रम. कोश वर्णानुक्रमानें लावलेला असला म्हणजे मधलें पान उघडावें, नको तो निम्मा भाग सोडावा, उरलेल्याचा पुन्हां मध्य गांठावा. या रीतीनें एक लक्ष शब्दांतून हवा तो शब्द फार तर सतरा तपासण्यांत सांपडतो. पण नवा शब्द आला कीं त्यास जागा देण्यासाठीं पुढचे सारे शब्द सरकवावे लागतात.

इ. स. १९५३ च्या जानेवारींत आय. बी. एम. कंपनींतील हान्स पीटर लून यांनीं एका अंतर्गत टिपणांत निराळा मार्ग सुचविला. लून हे १८९६ सालीं जर्मनींत जन्मले, आणि कापडांतील धागे मोजण्याचें एक साधन त्यांनीं पूर्वींच शोधून काढलें होतें. त्यांची कल्पना अशी कीं, नांवावरच कांहीं ठराविक गणित करावें व जो आंकडा येईल त्या क्रमांकाच्या खणांत नोंद ठेवावी. शोधतांना तेंच गणित पुन्हां करावें. समजा, ९७ खण आहेत. नोंदीच्या क्रमांकास ९७ नें भागून उरेल ती बाकी हा तिचा खण. १९४७ ची बाकी ७. म्हणून ती सातव्या खणांत. अविभाज्य संख्येनें भागण्याची ही युक्ति आर्नोल्ड ड्यूमी यांनीं १९५६ सालीं प्रसिद्ध केली. लून यांचें टिपण कचेरींतच राहिलें, आणि छापील लेखाचा पहिला मान ड्यूमींकडे गेला.

पण २०४४ ची बाकीहि ७ च! अशी टक्कर टळणें कठीण. तेवीस माणसें जमलीं असतां त्यांतील दोघांचा वाढदिवस एकच असण्याचा संभव निम्म्याहून अधिक असतो. लून यांनीं एका खणांतील नोंदी सांखळीनें जोडल्या. त्याच सुमारास जीन अ‍ॅमडाल व त्यांचे सहकारी यांनीं ठरविलें कीं, खण भरलेला आढळल्यास शेजारचा पाहावा. रशियांत अंद्रेइ येर्शोव यांनाहि १९५७ सालीं हेंच स्वतंत्रपणें सुचलें. पुढें १९६३ सालीं डोनाल्ड क्नूथ यांनीं याचें गणित मांडलें. शेजारचा खण पाहण्याच्या रीतींत खण निम्मे भरले असतां नोंद सरासरीनें दीड तपासणींत मिळते. दहांपैकीं नऊ भरले कीं साडेपांच लागतात. तात्पर्य, वेगाचें मोल रिकाम्या जागेनें चुकवावें लागतें.

या रीतीस मिळालेलें ‘हॅश’ हें इंग्रजी नांव स्वयंपाकघरांतील असून त्याचा अर्थ खिमा! नांवाचा मूळ क्रम पार मोडावा आणि नोंदी साऱ्या खणांत सारख्या विखराव्या, हेंच तिचें मर्म होय. मात्र हा सारा वेग नोंदी खरोखरच सारख्या विखरतील या विश्वासावर उभा आहे. २००३ सालीं स्कॉट क्रॉस्बी व डॅन वॉलक यांनीं दाखवून दिलें कीं, ज्यास तें गणित ठाऊक आहे असा दुष्ट मनुष्य मुद्दाम एकाच खणांत पडणारीं नांवें पाठवून यंत्र खोळंबवूं शकतो. म्हणून २०१२ सालीं जाँ-फिलिप ओमासोन व डॅनियल बर्नस्टीन यांनीं ‘सिपहॅश’ ही रीत रचली. तींत गणित सर्वांस उघड, परंतु त्यांत मिसळलेली किल्ली मात्र गुप्त.

लून यांनीं केवळ शोधण्याचे श्रम वांचविण्यासाठीं जी युक्ति काढली, तिला साठ वर्षांच्या आंत कुलूप लावावें लागलें. आमच्या दुकानदारास ही चिंता नव्हती. त्याच्या दुकानीं येणारा प्रत्येक जण औषध घेण्यासाठींच येत असे.