मांडूच्या झाडावरचा माणूस आणि त्याचे दोन दोर

मांडूला गेलेला माणूस जहाज महाल बघतो, रूपमतीच्या मंडपातून नर्मदेकडे नजर टाकतो आणि परतताना रस्त्याकडेला गोरखचिंचेचं एखादं फळ विकत घेतो. आपली गोरखचिंच म्हणजेच माळव्यातली खुरासानी इमली. ते मखमली कवचाचं फळ एवढ्या उंचावरून कोण उतरवतं आणि कशाच्या आधारानं, हा प्रश्न मलाही कित्येक वर्षं पडला नव्हता. मी देवासचा. नोकरी कारखान्यात केली, काम वजनं उचलण्याच्या साधनांचं. साखळ्या, पुल्या, वायर रोप हेच माझं जग. इतिहासाचा नाद नंतर लागला.

आधी झाडाबद्दल. गोरखचिंच मूळची आफ्रिकेतली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासानुसार ती भारतात एकदाच नव्हे, तर अनेक वेळा आणि आफ्रिकेच्या वेगवेगळ्या भागांतून आली. मांडूत ती माळव्याच्या सुलतानांच्या काळात आली असं मानण्याची परंपरा आहे. अठराव्या शतकात मराठे माळव्यात स्थिरावले, धार आणि देवास पवारांकडे आले, आणि मांडू धार संस्थानात मोडू लागलं. तोवर ही जुनी राजधानी ओस पडून जंगलात गेली होती.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पोलिटिकल एजंट कॅप्टन बार्न्स यांच्या वेळी मांडूच्या साफसफाईला आणि दुरुस्तीला जोर आला. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झन मांडू बघून गेले. १९२९ मध्ये गुलाम याजदानी यांचं मांडूवरचं इंग्रजी पुस्तक निघालं. ही नावं आपल्या मंडळात सगळ्यांना पाठ आहेत. पण भिंतीच्या सांध्यात रुतलेला पिंपळ काही कर्झनसाहेबांनी तोडला नाही. अशा झाडाची फांदी तोडून नुसती सोडून दिली, तर खालचा छज्जा फुटणार. म्हणजे कुणीतरी वर चढायचं, फांदी दोरानं बांधायची आणि तुकड्यातुकड्यानं खाली उतरवायची. असं काम करणाऱ्यांची नावं दरबारी इतिहासात येत नसतात.

काही वर्षांपूर्वी मांडूजवळच्या एका वस्तीत मी एका वयस्कर भिल्ल गृहस्थांना फळं उतरवताना बघितलं. ताडावर चढणारा माणूस खोडाभोवती दोराचा फास टाकून वर सरकत जातो. गोरखचिंचेचं खोडच इतकं रुंद, की तो फास निरुपयोगी. त्यांनी पेरांपाशी फांद्यांचे खुंट राखलेला एक बांबू खोडाला टेकवून बांधला, हीच शिडी. मग सुतळीला दगड बांधून तो वरच्या बेचक्यातून पलीकडे टाकला आणि सुतळीमागून जाड दोर ओढून घेतला. दोराचं एक टोक त्यांच्या कमरेला, दुसरं खाली मुलाकडे. मुलानं ते शेजारच्या झाडाला दोन वेढे देऊन धरलं. वर पोचल्यावर, कोयता काढण्याआधी, त्यांनी दुसरा आखूड दोर एका जाड फांदीभोवती टाकून कमरेला अडकवला. मी विचारलं, दोन कशाला? म्हणाले, "एक चढायला, एक काम करायला."

मुलाचे ते दोन वेढे म्हणजे चोख अभियांत्रिकी. हे सूत्र ऑयलरनं अठराव्या शतकात मांडलं. दोर आणि खोड यांच्यातला घर्षणांक ०.३ धरला, तर एका पूर्ण वेढ्यानं हाताला लागणारी ओढ साडेसहापट कमी होते, दोन वेढ्यांनी जवळजवळ ४३ पट. २०० किलोची टांगलेली फांदी पाच किलोच्या ओढीनं धरून ठेवता येते. आज झाडांवर काम करणारे व्यावसायिक याच कामासाठी बुंध्याला लोखंडी नळकांडं बांधतात आणि दगडाऐवजी छऱ्यांची छोटी पिशवी फेकतात. करवत चालवताना स्वतःला दोन ठिकाणी बांधून घ्यायचं, हा त्यांचा नियम आहे. तोच नियम मी मांडूला ऐकला.

ऐकला आणि मान खाली गेली. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी आमच्या कारखान्याच्या आवारातला गुलमोहर छाटायचा होता. आलेला माणूस स्वतःचे दोन दोर घेऊन आला होता, सणाचे, मळके. मी ते बाजूला ठेवायला लावले आणि क्रेनवर काम करणाऱ्यांचा नवा कोरा कमरपट्टा त्याला बांधला. पट्ट्याची दोरी आखूड. हुक भक्कम खोडापर्यंत पोचेना, म्हणून त्यानं तो जवळच्या फांदीला अडकवला. गुलमोहराचं लाकूड ठिसूळ. फांदी सांध्यातून फाटली आणि तिच्यासकट तो खाली आला. खुबा मोडला. पुन्हा तो झाडावर चढला नाही. चौकशीच्या कागदावर लिहिलं गेलं, पट्टा शाबूत आहे. होताच तो शाबूत.

कारखान्यात हुक अडकवायची तुळई आधीच ठरवलेली असते. झाडावर ती जागा दर वेळी नव्यानं निवडावी लागते, आणि ती निवडायचं ज्ञान पट्ट्यात नसतं, चढणाऱ्यात असतं. त्याचे दोर काढून घेतले तेव्हा ते ज्ञानच मी काढून घेतलं.

याचा अर्थ जुनं ते सगळं सोनं, असा नाही. सणाचा दोर पावसात आतून कुजतो आणि वरून कळत नाही. नुसता कमरेला बांधलेला दोर पडणाऱ्याचं पोट आणि बरगड्या आवळतो. पूर्ण अंगाचा हार्नेस तो झटका मांड्यांवर आणि खांद्यांवर वाटून देतो. नायलॉनचा दोर ताणला जाऊन झटका शोषतो. हार्नेस आपला असू द्या, दोर नायलॉनचा असू द्या, पण दुसरा दोर कुठं टाकायचा ते त्यांना ठरवू द्या.

मंडळाच्या सहलीत आपण कमानी मोजतो, शिलालेखांचे ठसे घेतो. पुढच्या वेळी धारला किंवा देवासला जुन्या वाड्यातली चिंच छाटायला कुणी आलं, तर पाच मिनिटं थांबा. दोर कशाचा आहे, गाठ कोणती मारतात, खालचा माणूस किती वेढे देतो आणि दुसरा दोर कधी बांधतात, एवढं विचारून लिहून ठेवा. आणि त्यांची हरकत नसेल तर त्यांचं नावही.