पिसाचा मनोरा आणि पडुआची फळी

गॅलिलिओ म्हटला की पिसाचा कलता मनोरा डोळ्यांसमोर उभा राहतो. तरुण प्राध्यापक वर चढतो, एक जड व एक हलका असे दोन गोळे सोडतो, ते एकदमच जमिनीवर आदळतात, आणि जड वस्तू वजनाच्या प्रमाणात वेगाने पडते हे ॲरिस्टॉटलचे मत क्षणार्धात कोसळते! कथा मनोहर आहे खरी. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने तिला दोन प्रश्न विचारलेच पाहिजेत. हे असे घडले काय? आणि घडले असले, तरी त्याने काय सिद्ध झाले?

कथेचा आधार म्हणजे व्हिव्हियानी ह्या शिष्याने लिहिलेले गुरुचरित्र. ते १६५४ साली, म्हणजे गुरूच्या निधनानंतर बारा वर्षांनी लिहिले गेले आणि छापले गेले १७१७ साली. गॅलिलिओ पिसास अध्यापक होता तो १५८९ ते १५९२ ह्या काळात. त्या वेळचा कोणी प्रेक्षक ह्या प्रसंगाविषयी लिहून गेलेला नाही. शिवाय असा प्रयोग त्यापूर्वीच झालेला होता. एक दुसऱ्याच्या दसपट जड असे शिशाचे दोन गोळे तीस फुटांवरून फळीवर टाकले असता त्यांचा आवाज एकच येतो, हे हॉलंडमधील सायमन स्टेव्हिनने १५८६ च्या ग्रंथात नमूद केले होते.

दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा. ॲरिस्टॉटल चुकला एवढेच अशा प्रयोगाने कळते; पडणाऱ्या वस्तूचा वेग कसा वाढत जातो, हे कळत नाही. त्या मनोऱ्याच्या माथ्यावरून गोळा साडेतीन सेकंदांत खाली येतो. लंबकाचे घड्याळ १६५६ पर्यंत निघालेच नव्हते. मग हा पळता काळ मोजावा कसा?

गॅलिलिओची खरी प्रतिभा येथे दिसते. पडुआच्या विद्यापीठात असताना त्याने पतनाचाच वेग मंद केला! त्याच्या वर्णनानुसार बारा हात लांबीच्या फळीत सरळ खाच पाडली, तीत गुळगुळीत चर्मपत्र बसविले, फळीचे एक टोक किंचित उचलले आणि खाचेतून काशाचा गोळा सोडला. मोठ्या भांड्यातून बारीक धारेने पाणी गळत होते. गोळा खाली पोचेपर्यंत जमलेले पाणी तराजूत तोलले की काळाचे प्रमाण मिळे. पाव अंतराला बरोबर निम्मा वेळ लागला. अंतर हे काळाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हा नियम असा हाती आला.

मात्र तोही एका दिवसात नव्हे. १६०४ साली पाओलो सार्पी ह्यास लिहिलेल्या पत्रात नियम बरोबर आहे, पण कारण चुकलेले आहे: वेग अंतराप्रमाणे वाढतो, असे गॅलिलिओ तेथे मानतो. वेग अंतराप्रमाणे नव्हे, काळाप्रमाणे वाढतो, हे उमगण्यास त्याला पुढे आणखी काही वर्षे लागली.

विसाव्या शतकात ह्या फळीविषयीही शंका निघाली. एवढ्या ओबडधोबड साधनांनी असे अचूक फळ मिळेल काय, असे कोय्रे ह्या विद्वानाने विचारले. १९६१ साली थॉमस सेटल ह्यांनी तशीच फळी व तसेच पाणी घेऊन प्रयोग केला, आणि नियम पुरेशा सूक्ष्मतेने पडताळून दाखविला. शंकेला उत्तर मिळाले ते तर्काने नव्हे, पुन्हा हात घालून पाहिल्याने.

हे संशोधन ग्रंथरूपाने आले ते फार उशिरा. १६३३ साली धर्मन्यायासनाने शिक्षा ठोठावल्यावर घरातच स्थानबद्ध असलेल्या गॅलिलिओने हा ग्रंथ पुरा केला. इटलीत छापणे अशक्य, म्हणून तो १६३८ साली हॉलंडमधील लायडेन येथे निघाला. तोपर्यंत ग्रंथकाराची दृष्टी गेली होती.

मनोऱ्याची कथा आपल्याला आवडते, कारण तीत एका घावात जुने मत पडते. प्रत्यक्षात मत पाडणे सोपे होते. त्याच्या जागी नियम उभा करण्यास खाच, पाणी, तराजू आणि आपलीच चूक खोडून पुन्हा मोजण्याची चिकाटी लागली. मनोऱ्यापेक्षा ती फळीच अधिक स्मरणीय आहे.