इन्फ्रारेड माती परीक्षण : कोणत्या आकड्यावर विसंबावे?

ठाकुर्ली-कल्याण परिसरात आपण भात किंवा पालेभाजी घेत असाल आणि कोणी यंत्राने काही मिनिटांत माती तपासून देत असेल, तर पुढील बाबी लक्षात घ्या.

इन्फ्रारेड किरण मातीवर टाकल्यास सेंद्रिय पदार्थ, चिकणमातीतील खनिजे व पाणी ठरावीक तरंगलांबीचे किरण शोषून घेतात. त्यावरून सेंद्रिय कर्ब व चिकणमातीचे प्रमाण बऱ्यापैकी कळते. उपलब्ध स्फुरद, पालाश व जस्त यांची मात्र थेट खूण मिळत नाही. ते आकडे अंदाजाचे असतात.

ओलाव्यामुळे नोंद चुकते. नमुना सावलीत वाळवून २ मि.मी. चाळणीने चाळून द्या. यंत्राचे आकडे कोकणातील मातीच्या रासायनिक चाचण्यांशी पडताळले आहेत का, हे विचारा. खतमात्रा प्रयोगशाळेच्या अहवालावरूनच ठरवा.